भाऊसाहेब, तुम्ही सातबाऱ्यावर आईचं नाव लावलंत

भाऊसाहेब, नमस्कार.

तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं, गावच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला तेव्हा. मातीला येता आलं नाही याची रुखरुख लागून राहिलीय. तुमच्या तोंडावर कधी थँक्यू म्हणलं नाही, आपल्यात कोण म्हणतं असं, पण आता सगळ्यांसमोर लिहावंच वाटलं.

मी नऊ वर्षांची होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून माणसं झोपलेली आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्याकडची घरं म्हणजे दगडामातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर ही नावं सगळ्यांनी ऐकली, आमच्यासारखी लहान गावं कितीतरी होती. बाबा गेले. आई, आज्जी, मी आणि धाकटी पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. वरून पाऊस.

तुम्ही तेव्हा आमच्या सज्जाचे, म्हणजे आमच्याकडच्या गावांचे, तलाठी. पहिले दिवस तुम्ही पण ढिगारेच उपसत होता, मग मयतांची यादी लिहायला बसलात, आणि त्यानंतर चावडीच्या मातीतून जमिनीच्या नोंदींचं दप्तर काढलंत. लाल फडकं चिखलानं भरलेलं, पानं चिकटलेली. ती एकेक सुटी करून तुम्ही दगडावर वाळत घातली होती आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मला आणि धाकटीला राखण बसवलं होतं. जाताना हातावर भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवायचात, काकूंनी तुमच्यासाठी बांधून दिलेली. तुम्ही स्वतः काय खात होता कुणास ठाऊक.

त्या पानांचं मोल मला लई उशिरा कळलं. गावं नवीन जागी उठणार होती, ५२ गावं, आणि घर केवढं मिळणार ते जमिनीवर ठरणार होतं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत असेल तर २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरला ४००, त्याच्या वर ७५०. बाबांच्या नावावर चार एकर होतं. भावकीतले म्हणायला लागले, बाईमाणसाचं नाव कशाला, पोरी तर उद्या नांदायला जाणार, चुलत्याचं नाव लावा, तो बघेल सगळ्यांचं. आई तर काही बोलायच्या अवस्थेतच नव्हती, आणि त्या दिवसांत कुणी अंगठा मागितला असता तर तिनं देऊन टाकला असता.

तुम्ही आवाज चढवला नाही. वारस नोंदीचं रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं वाचत लिहिलंत, आज्जीचं नाव, आईचं नाव, मग आम्हा दोघींची, आणि आमच्या नावापुढं 'अ.पा.क. आई'. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या पोरींची, पालनकर्ती आई. नोटीस लावली, मुदत संपू दिली, तुमच्या वरच्या सर्कलसाहेबांकडून नावबदलाचा फेरफार मंजूर करून घेतला आणि उतारा आईच्या हातात आणून दिला. चहासुद्धा घेतला नाही, म्हणालात चूल बरी पेटू द्या आधी. तलाठी म्हणलं की लोक काय काय बोलतात ते मी पण ऐकते, पण मी गप्प बसत नाही, ही गोष्ट सांगते.

त्या चार एकरावर आमची शिक्षणं झाली, मी डीएड केलं, धाकटी नर्स झाली. आईनं तो पहिला उतारा अजून ट्रंकेत बाबांच्या फोटोखाली ठेवलाय, आता मोबाईलवर सातबारा निघतो तरी.

आणि काकूंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्धांगवायू झाल्यावर अकरा वर्षं तुम्ही त्यांचं सगळं केलंत, वेणीसुद्धा तुम्हीच घालायचात. दर येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला-जेवणाला, आमच्याकडं यायचात तेव्हा आधी कडब्याच्या कोपीपाशी सावलीत त्यांची खुर्ची मांडायची, आंबील फुंकर घालून पाजायची, भज्जीतला गाजराचा तुकडा बोटानं मऊ करून भरवायचा, आणि मग तुमचं ताट. आई आग्रह करून करून थकायची तरी तुम्ही आधी जेवला नाहीत कधी. माझ्या नवऱ्याला मी लग्नानंतर पहिल्या येळवशीला मुद्दाम तुमच्या शेजारी बसवलं होतं.

दादांशी बोलणं झालंय माझं, तुमच्या. काकूंना बाहेर काढायला जीप लागते, ती आम्ही सांगितलीय. यंदा येळवशीला त्यांना शेतात आणणार आहोत, खुर्ची त्याच जागी ठेवू. आंबील मी पाजीन.

तुमची,
पानं राखणारी थोरली