तक्रारीच्या नियमाआधी उभे असलेले बालक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेच्या पालक-पुस्तिकेसाठी तू लिहिलेले पालक-शिक्षक संवादाचे प्रकरण मी दोनदा वाचले. तू मत मागितले आहेस, म्हणून मोकळेपणाने लिहितो. अनेक ख्रिस्ती शाळांप्रमाणे तूही बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील १८:१५-१७ या वचनांचा आधार घेतला आहेस: पालकांनी आधी संबंधित शिक्षकाला एकांतात भेटावे, तेथे प्रश्न सुटला नाही तर मुख्याध्यापकांना सोबत घ्यावे आणि अखेरीस विश्वस्त मंडळाकडे जावे. हा क्रम मला मान्य आहे. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याच्याशीच आधी बोलणे यात शिक्षकाचा मान राहतो आणि पालकालाही पूर्ण हकिकत कळते. माझा आक्षेप इतकाच की, ही तीन वचने तू त्यांच्या अध्यायातून सुटी काढली आहेस.

तो अध्याय उघडून क्रम पाहा. सर्वांत मोठा कोण, असे शिष्य विचारतात तेव्हा येशू एका बालकाला बोलावून त्यांच्यामध्ये उभे करतो. त्यानंतर अशा लहानांतील एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचे ते कठोर बोल येतात, मग लहानांना तुच्छ न मानण्याची ताकीद, मग हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत, आणि एवढे सगळे झाल्यावर, पंधराव्या वचनात, भावाकडे एकांती जाण्याचा नियम. म्हणजे मोठ्यांनी आपसांत कसे बोलावे हे सांगण्याआधी लहानांचे रक्षण सांगितले आहे. तुझ्या मसुद्यात हा आधीचा भाग कोठेच नाही.

त्याचा परिणाम साधा नाही. एखाद्या मुलाला मारहाण झाली, धमकावले गेले, किंवा कोणी त्याच्याशी लज्जास्पद वागले, आणि त्याच्या आईने पुस्तिका उघडली, तर तिला काय वाचायला मिळेल? ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडेच आधी एकटीने जावे, हे! मित्रा, हे वाक्य तुझ्या हातून तसेच छापले जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे हा क्रम लागू नाही, पालकांनी थेट तुझ्याकडे यावे, कायद्याने जेथे कळवणे बंधनकारक आहे तेथे शाळा विलंब न करता कळवील, आणि तक्रार करणाऱ्यावर क्षमेच्या नावाखाली गप्प राहण्याचे दडपण येणार नाही, असे स्वतंत्र कलम प्रकरणाच्या आरंभीच घाल. कितीदा क्षमा करावी असे विचारणाऱ्या पेत्र या शिष्याला येशूने दिलेले, पुनःपुन्हा क्षमा करण्याचे उत्तर याच अध्यायात आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते उत्तर लहानांवरील अन्याय झाकण्यासाठी वापरणे म्हणजे अध्यायाचा आरंभ पुसून टाकणे होय.

दुसरी गोष्ट तितकी गंभीर नाही, पण रोजची आहे. बहुतेक पालकांची विचारणा गुणांविषयी, गृहपाठाविषयी, वर्गातील जागेविषयी असते. मत्तयातील ते वचन मात्र भावाच्या अपराधाविषयी आहे. गणिताच्या उत्तरपत्रिकेला ते लावले की पालक तोंड उघडण्याआधीच शिक्षक आरोपी ठरतो. अशा भेटींसाठी बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाचा अठरावा अध्याय अधिक उपयोगी आहे: ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे हा मूर्खपणा, आणि प्रथम बाजू मांडणारा खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची पारख करतो. घरी मुलाने सांगितलेली हकिकत ही ती पहिली बाजू असते. तुझ्या शाळेत ख्रिस्ती नसलेली कुटुंबेही आहेत, हेही विसरू नकोस. आपल्याला गप्प करण्यासाठी वचन पुढे केले जाते, असे त्यांना वाटले तर ती पुन्हा बोलणार नाहीत.

मसुद्यात पालकांची कर्तव्ये सविस्तर आहेत, शिक्षकांच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या आहेत. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकात (६:६-७) घरी बसता, वाटेने चालता मुलांना शिकवण्याची आज्ञा आईवडिलांना आहे. कॅथॉलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर काढलेल्या जाहीरनाम्यातही आईवडील हेच मुलांचे आद्य आणि प्रमुख शिक्षक मानले आहेत आणि शिक्षकांनी त्यांच्या साथीने काम करावे असे म्हटले आहे. मग पहिले पाऊल शाळेने उचलायला नको का? वर्ष सुरू झाल्यावर, कसलीही तक्रार नसताना, वर्गशिक्षकाने प्रत्येक घराशी एकदा बोलावे आणि त्या मुलात आपण पाहिलेली एक नेमकी चांगली गोष्ट सांगावी. पुढे अडचण आली की 'तो आळशी आहे' असे न म्हणता 'या महिन्यात चार वेळा गृहपाठ आला नाही' असे सांगावे. पहिल्या वाक्यावर आई दुखावते. दुसऱ्यावर ती कारण शोधू लागते.

ख्रिस्ती शाळेत आणखी एक अडचण असते, जी तुझ्या मसुद्यात आलेली नाही. पालक आणि शिक्षक पुष्कळदा एकाच मंडळीत उपासनेला येतात. उपासना संपताच शिक्षिकेला दारात गाठून मुलाच्या गुणांचा विषय काढला जातो आणि तिचा विसाव्याचा दिवस जातो. त्याहून वाईट म्हणजे, 'प्रार्थनेसाठी सांगते' असे म्हणून एखाद्या शिक्षकाची किंवा कुटुंबाची गोष्ट प्रार्थनेच्या गटात आणि मोबाइलवर पसरते. प्रार्थनेची विनंती नाव आणि तपशील न सांगताही करता येते, हे पालकांइतकेच शिक्षकांसाठीही स्पष्ट लिही.

शेवटी विश्वस्तांविषयी. त्यांच्यापैकी काहींची मुले तुझ्याच वर्गांत शिकतात. त्या मुलांच्या बाबतीत त्यांनीही इतर पालकांप्रमाणे आधी वर्गशिक्षकाकडेच जावे आणि तो विषय मंडळापुढे आला तर त्या बैठकीत बसू नये, असे कलम मंडळाकडूनच मंजूर करून घे. हे तुला अवघड जाईल, पण पुस्तिका छापण्याआधीच ते करावे लागेल. सुधारलेला मसुदा तयार झाला की पाठव. सुरक्षिततेचे कलम मी सर्वांत आधी वाचीन.

तुझा स्नेही