चकचकीत न केल्याबद्दल

काकाजी, सप्रेम जय भीम.

आबाजींची कुदळ नीट करून दिलीत, त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहाही वरून तुम्हीच पाजला. निदान आभार तरी नीट मानू द्या. नातवाकडून वाचून घ्या.

आमच्या मोठ्या आत्याबाईला आता शहाऐंशी लागलं. दिवाळीत तिनं कोठीतून पोत्यात गुंडाळलेलं ते लोखंड काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. “तुह्या आबाजीची कुदय हाय. माह्याच्यानं आता उचलत नाही, तू ने.” एका अंगाला फावड्यासारखं रुंद पातं, दुसऱ्या अंगाला टोक, मधे दांड्याचं भोक. दांडा बाभळीचा, फुटलेला, तारेनं करकचून बांधलेला. याच कुदळीनं तिनं जन्मभर वाडीतली हळद खणली आणि झाडांना आळी केली. आबाजी लढाईवरून आले तेव्हा पेटीतून एवढं एकच काम करणारं निघालं, असं ती म्हणते.

आबाजी महार रेजिमेंटचे. पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली आणि दुसरी जानेवारी १९४२ मध्ये आपल्या कामठीला. आबाजी या दुसरीत होते. ही पलटण २३ व्या इंडियन डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. १९४४ च्या मार्च ते जुलैमधली इंफाळची लढाई आम्ही त्यांच्या तोंडून कधी धड ऐकली नाही. विचारलं की म्हणत, “पाणी लय होतं बापा, आन् खंदनं लय होतं.” मुक्कामाला पोचलं की आधी खड्डा, मग बाकी सगळं. म्हणून शिपायाच्या कमरपट्ट्याला मागच्या बाजूनं कॅनव्हासच्या पिशवीत हे पातं लटके, दांडा वेगळा.

आता माझी अक्कल सांगतो. मी ते तालुक्याच्या गावी एका वेल्डिंगच्या दुकानात नेलं. पोरगा म्हणाला, ग्राइंडर मारू, चंदेरी रंग देऊ, भिंतीला लावा. मी हो म्हटलं! त्यानं चाक लावलं आणि लाइन गेली. तासभर वाट पाहून मी तुमच्या भट्टीवर आलो, तेही घाईनं, आणि वर तुम्हालाच सांगितलं, लाल करून ठोका आणि चकचकीत करून द्या.

तुम्ही ते सांडशीत धरलंच नाही. मांडीवर घेतलं, अंगठ्यानं गंज चोळला, उन्हात तिरपं करून पाहिलं. “हे कोंबडीच्या पायावाणी काय हाय?” मला तर काहीच दिसत नव्हतं. मग म्हणालात, “आगीत घातलं तं याचं पाणी उतरन. घासलं तं हे खून जाईन. राहू दे.”

रात्रभर रॉकेलात ठेवलं, सकाळी पितळी ब्रशनं हळूहळू काढलं. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा खूण लख्ख होती: बाणाचं टोक, त्याखाली इंग्रजी आय, बाजूला १९४३. ती सरकारी मालाची खूण, आय म्हणजे इंडिया. दुकानातलं चाक आणखी अर्धा मिनिट फिरलं असतं तर हे माझ्याच हातानं गेलं असतं. पात्याच्या कडेला त्याचा एक पांढरा ओरखडा आहेच. तो तुम्ही मुद्दाम ठेवला, असा मला संशय आहे.

दांड्याचं तर मी सांगितलंही नव्हतं. भट्टीवरच्या आढ्यातून धुरानं काळा पडलेला धावड्याचा तुकडा काढलात, भोकात बसेल तसा तासलात आणि वरून जवसाचं तेल चोळलंत. अस्सल दांडा कुठं हरवला कोण जाणे. १९४४ नंतरच्या काही दांड्यांच्या टोकाला लोखंडी टोपी असे. तिच्यात रायफलची संगीन बसवून शिपाई जमिनीत सुरुंग चाचपत. आबाजींच्या दांड्याला ती होती का, हे आत्याबाईलाही आठवत नाही.

भिंतीला काही ती लागली नाही. आत्याबाईनं हातात घेतली, तोलून पाहिली, “दांडा जाड केला लोहारानं,” म्हणाली आणि अंगणात कढीपत्त्याला खड्डा करायला बसली. उचलत नाही म्हणणारी बाई! मी फक्त रोप धरून उभा होतो.

या उन्हानं दांडा किंचित ढिला झालाय. पाण्यात ठेवायचा की पाचर मारायची, तुम्हीच सांगा. बुधवारी बाजाराला येतो, तेव्हा घेऊन येतो. चहा मात्र माझ्याकडून.