स्नोबोर्डिंगच्या संरक्षक जॅकेटबाबत तक्रार

कोथरूड, पुणे
दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: पाठीचे पॅड प्रमाणित नसताना 'लेव्हल २' म्हणून विकल्याबद्दल

महोदय,

माझी मुलगी ३ जानेवारीला गुलमर्गला निघते आहे, स्नोबोर्डिंगच्या चौदा दिवसांच्या शिबिराला. तिच्यासाठी २१ नोव्हेंबरला तुमच्या संकेतस्थळावरून संरक्षक जॅकेट मागवलं. किंमत ११,८०० रुपये, बिल सोबत जोडलं आहे. जॅकेट वेळेवर आलं. तक्रार आहे ती पाठीच्या पॅडची.

तुमच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'संपूर्ण जॅकेट सीई लेव्हल २', म्हणजे युरोपीय सुरक्षा मानकातली वरची पातळी. मागवण्याआधी मी फोन करून मुद्दाम विचारलं, पाठीचं पॅडही त्यात आलं ना? "हो मॅडम, सगळंच." प्रत्यक्षात खांद्याच्या आणि कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ या त्यांच्या युरोपीय मानकाचा शिक्का आहे. पाठीमागच्या खिशाची चेन उघडून आतला तुकडा काढला, तर त्यावर मानकाचा क्रमांक नाही, लेव्हल नाही, बनवणाऱ्याचं नावही नाही. मी तीस वर्षं शिवणकाम करते, सोफ्याच्या उशांचीही कामं घेते. हा साधा फोम आहे. चिमटीत दाबला की दोन्ही बोटं एकमेकांना लागतात.

पाठीच्या पॅडचं मानक वेगळं आहे, ईएन १६२१-२. त्यात पॅडवर ५० ज्यूलचा आघात करून पलीकडे किती बल पोहोचतं ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला फक्त ९. खांद्या-कोपरांच्या लेव्हल २ ला मात्र २० किलोन्यूटनपर्यंत मुभा आहे. म्हणजे खांद्यावरचा शिक्का दाखवून पाठीची हमी देताच येत नाही. ही मानकं मुळात मोटारसायकलवाल्यांसाठीची, पण बर्फावर वापरायच्या चांगल्या पॅडवरही तीच छापलेली असतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, तोल गेला तर पाऊल टाकून सावरता येत नाही. टाचेकडची कड बर्फात अडकली की शिकाऊ पोरं थेट पाठीवर नाहीतर माकडहाडावर आपटतात. तिथे हा उशीतला फोम काय करणार?

थंडीबद्दलही विचारलं होतं. याच मानकात उणे १० अंशांवरची एक ऐच्छिक चाचणी आहे, ती पार केलेल्या पॅडवर 'टी' आणि उणे चिन्ह असतं. तुमच्या माणसाचं उत्तर होतं, "बर्फाचंच जॅकेट आहे, थंडीत चालणारच." मी तो तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी पाटासारखा कडक, वाकता वाकेना.

मापाचंही तेच. फोनवर टी-शर्टचा साइज विचारून मीडियम दिलं. पाठीचं पॅड कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर निवडायचं असतं. मुलीची ती उंची मी टेपने मोजली, ४१ से.मी. तुमचा तुकडा कंबरेच्या चार बोटं वरच संपतो. ब्लाउजमध्ये एवढी चूक केली तर मी रात्री जागून तो पुन्हा शिवून देते. हा तर मणक्याचा प्रश्न आहे.

२ डिसेंबरला परतीची विनंती केली. पाकीट उघडलं म्हणून स्वच्छतेच्या कारणास्तव माल परत घेणार नाही, असं कळवलंत. पाकीट न उघडता आतल्या पॅडवरचा शिक्का कसा बघायचा? एक टाकाही उसवलेला नाही, टॅग जागेवर आहेत, फोटो जोडले आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पण महिनाभर थांबले तर मुलगी बर्फावर पोहोचलेली असेल. त्याच पैशांतून मला तिच्यासाठी दुसरं, शिक्का असलेलं पॅड घ्यायचं आहे. म्हणून पूर्ण रक्कम १५ डिसेंबरपर्यंत परत करा आणि जॅकेट तुमच्या खर्चाने घेऊन जा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दाही मांडेन.

'संपूर्ण जॅकेट लेव्हल २' हे वाक्य पानावरून आजच काढा. आणि ज्यांनी हे जॅकेट आधीच घेतलंय, त्यांना पाठीच्या पॅडबद्दल लेखी कळवा. त्यांच्यापैकी कुणी याच आठवड्यात सोलंगला किंवा औलीला निघालं असेल.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत: बिलाची प्रत, पॅडचे व टॅगचे फोटो, परतीच्या विनंतीला आलेलं उत्तर