ठासणीच्या रिव्हॉल्व्हरबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई नुसतं "बरं" म्हणाली, तेव्हाच कळलं की ती धास्तावली आहे. म्हणून सगळं नीट लिहिते.

मी घेतलंय ते 1858 च्या रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती आहे. इटलीत गार्दोनेला अशी बनवतात. बाबा, ही आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीच्याच घराण्यातली. काडतूस नाही, दारू, गोळी आणि केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) वेगवेगळी, हातानं भरायची. फक्त नळीऐवजी फिरत्या सिलिंडरच्या खणांत ठासायचं. मूळ रिव्हॉल्व्हर इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, यादवी युद्धात (1861-65) उत्तरेच्या सैनिकांकडे होतं. दारूत 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. त्या काळी इथल्या दारूतला सोरा मुख्यतः आपल्याकडून, बिहार-बंगालातून यायचा, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आई, यात घाई करताच येत नाही. सहा खण असले तरी मी पाचच भरते आणि घोडा रिकाम्या खणावर टेकवते. दारू डब्यातून थेट खणात कधीच ओतायची नाही. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर हातातला अख्खा डबा पेटेल. म्हणून आधी मापात घ्यायची, एका खणाला साधारण 25 ग्रेन, म्हणजे दीड ग्रॅमच्या जरा वर. आणि दारू काळीच हवी. आधुनिक बिनधुराची चिमूटभरही चालत नाही, तिच्या दाबानं सिलिंडर फुटतो. शिशाची गोळी खणापेक्षा किंचित मोठी असते. नळीखालच्या दांड्यानं दाबली की तिच्या कडेची शिशाची बारीक चकचकीत कडी कापली जाऊन बाहेर राहते. ती अखंड निघाली की समजायचं, गोळी घट्ट बसली. खणाच्या तोंडावर ग्रीस लावते, म्हणजे एका खणाची आग शेजारच्यात जात नाही. केपा सगळ्यात शेवटी, त्याही रेंजवर, नळी निशाण्याकडे धरूनच. एखादी केप वाजून बार उडाला नाही, तर नळी तशीच समोर रोखून निदान एक मिनिट थांबायचं. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण असतंच. जेवायच्या आधी हात साबणानं धुते, शिसं पोटात जायला नको.

खरं काम घरी आल्यावर. या दारूची काजळी हवेतली ओल शोषते आणि एका रात्रीतही लोखंड गंजवू शकते, म्हणून त्याच संध्याकाळी धुवायचं, उद्यावर टाकायचं नाही. मुठीची लाकडं काढून ठेवते, निपल (ज्यावर केप बसते ते छोटं नळकांडं) पान्यानं सोडवते आणि सगळं गरम साबणाच्या पाण्यात. सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तेव्हा खिडकी उघडी हवीच. ही काजळी क्षारांची, त्यामुळे ती पाण्यानंच जाते. नुसतं तेल चोळून भागत नाही. ब्रशनं नळी घासायची, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग पूर्ण वाळवून तेलाचा हात, आणि सिलिंडरच्या दांडीला ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी काजळीनं ते फिरायचं थांबतं. मला हे धुणं नेमबाजीइतकंच आवडतं.

कायद्याचंही सांगते. इथल्या केंद्रीय कायद्यात अशी ठासणीची प्रतिकृती "बंदूक" धरत नाहीत, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. आमच्याकडचे पाहूनच घेतलंय. बाबा, तुम्हाला शेतसंरक्षणाचा परवाना असूनही निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, त्यामानानं इथे सोपं. तरी कुलूप आहेच. दारू तिच्या मूळ डब्यात थंड जागी, केपा दुसऱ्या कपाटात.

इंडियानात फ्रेंडशिप नावाच्या गावी ठासणीवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे. 1933 पासूनची संघटना. तिथे जायचं ठरवतेय, आमच्याकडून दीड तासावर.

बाबा, पावसाळ्यात आजोबा नळीला काय लावायचे? खोबरेल की दुसरं काही? आठवत असेल तर कळवा. आईला गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यायला सांगा.

तुमची,
मनू