बाटलीतून बेडूक आणू नकोस

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, तळ्यावरून बाटलीभर बेडूकमासे आणते आणि बागेत छोटं तळं करून त्यात सोडते. तेव्हा घाईत मी 'बघ तुला जमेल तसं' म्हणून गेले. रात्रभर ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र. आणू नकोस, मनू. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात सोडले की त्यांचे रोगही सोबत येतात. बेडकांच्या कातडीवर जगणारी कायट्रिड नावाची बुरशी आहे. शास्त्रज्ञांनी १९९९ साली तिचं रीतसर वर्णन केलं, आणि आज जगात ठिकठिकाणचे बेडूक तिच्यामुळे कमी झालेले दिसतात. मोठा बेडूक धरून आणलास तर तो बहुधा आपल्या जुन्या पाण्याच्या ओढीने निघून जाईल आणि वाटेत एखाद्या चाकाखाली सापडेल. त्यांना आपण आणायचं नसतं, जागा करून ठेवायची असते.

पाणी उथळ चालतं. मधोमध फूट-दीड फूट खोल असलं तरी पुरे, पण कडा उतरती हवी. हे मी शिकले ते फार वाईट रीतीने. तू शाळेत होतीस तेव्हा मी सरळ कडांचं एक टब जमिनीत पुरलं होतं, आठवतं? एका सकाळी त्यात भेक, म्हणजे तो खडबडीत कातडीचा बेडूक, मेलेला सापडला. रात्रभर कडेला धडपडून थकला असणार. जो जीव पाण्याजवळ राहतो तो पाण्यात बुडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठलंही भांडं दगडांची उतरण रचल्याशिवाय भरत नाही. शेपूट गळून पाय फुटलेली नखाएवढी पिल्लंसुद्धा त्याच उतरणीवरून बाहेर येतात.

पावसाचं पाणी साठवून भरलंस तर सर्वांत उत्तम. नळाचंच असेल तर दोन दिवस उघड्या बादलीत ठेव, म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. थोडं ऊन, थोडी सावली अशी जागा निवड. उन्हाशिवाय शेवाळ धरत नाही आणि बेडूकमासे आधी त्यावरच जगतात. मासे मात्र सोडू नकोस, ते अंडी आणि पिल्लं फस्त करतात. अंडी दिसली तर नीट बघ: बेडकाची बहुतेक जेलीच्या गोळ्यासारखी पुंजक्यात असतात, भेकाची लांब दोऱ्यात ओवल्यासारखी.

आणि चिऊ दोन वर्षांची आहे. वीतभर पाणीही तिला धोक्याचं. चौकटीवर घट्ट बसवलेली मजबूत जाळी आधी करून घे, पाणी मग. जाळीची भोकं बेडकाला जाता येईल एवढी ठेव. जाळी असली तरी तिला तिथे एकटं सोडू नकोस.

आता फवारणीचं. झाडांवर मावा ही कीड पडली की तू लगेच औषधाची बाटली काढतेस, हे मला ठाऊक आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओलाव्यात बसून पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते शोषून घेतो, श्वासही काही अंशी त्याच कातडीतून घेतो. मग पानांवर आणि मातीवर जे पडेल ते त्याच्या अंगात जातं. शिवाय तू मारतेस ते किडे, गोगलगायी हेच त्याचं जेवण. एक हंगाम फवारू नकोस. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मार, पुष्कळसा पडून जातो. पानं थोडी कुरतडलेली राहतील, राहू देत.

भेकाला पाण्यापेक्षा आडोसा जास्त लागतो. त्याची कातडी कोरडी, खडबडीत असते आणि अंडी घालण्यापुरताच तो पाण्याकडे जातो. फुटकी मातीची कुंडी आडवी करून सावलीत अर्धी पुरून ठेव, आत ओली माती आणि पालापाचोळा घाल. कोपऱ्यातला पाचोळा झाडून काढू नकोस. मला तर तो कोपरा सगळ्या बागेत जास्त आवडतो. भेकाला हात लावल्याने चामखीळ येते हे खोटं आहे. डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं एवढं मात्र खरं, म्हणून चिऊने हात लावलाच तर साबणाने धुवायचा. मोतीने तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येईल. तोंड लगेच पाण्याने पुसून काढ आणि डॉक्टरांना फोन कर.

डासांची तुझी भीती रास्त आहे. बेडूकमासे डास संपवतील या भरवशावर राहू नकोस. चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे ते काम करतात, पण पाण्यात झाडं रुजून ते यायला वेळ लागतो. तोवर डासांच्या अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळणीने काढून टाक. बशीएवढी छोटी भांडी दर तीन दिवसांनी रिकामी कर.

एवढं केल्यावर पहिल्याच पावसात कुणी येईल असं नाही. जवळपास कुठे पाणी असेल तर वर्षभरात येतात, कधी दोन वर्षं जातात. कुंपणाखाली हातभर रुंद फट मात्र ठेव, नाहीतर येणार कुठून? बागेतला दिवा रात्री बंद ठेवत जा. डराव डराव करतात ते नर. तसा एक जरी आवाज आला तरी, कितीही वाजले असोत, मला फोन कर आणि तो खिडकीशी धर.

तुझी,
आई