रुथेनियम-एरीन संकुले शिकवणाऱ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सरांना सा. न. वि. वि.

निवृत्तीनंतरही आपण रत्नागिरीच्या आपल्या घरी अख्खा पावसाळा रविवारची दुपार रुथेनियम-एरीन संकुलांच्या (रुथेनियम धातूला बेंझीनसारखे वलय जोडलेल्या संयुगांच्या) माझ्या वहीसाठी राखून ठेवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

रुथेनियम ट्रायक्लोराइडचा हायड्रेट आणि अल्फा-फेलँड्रीन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स केले (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळले) की पॅरा-सायमीन या वलयाचा विटकरी डायमर (क्लोराइडच्या पुलांनी जोडलेल्या दोन रुथेनियम अणूंचे संकुल) मिळतो, ही कृती पुस्तकात सापडते. परंतु आषाढातल्या किनारी हवेत हा क्लोराइड बघता बघता ओल धरतो, म्हणून बाटली डेसिकेटरमधून काढताच वजन करावे आणि मोल बाटलीवर छापलेल्या रुथेनियमच्या टक्केवारीवरूनच काढावेत, हे आपण सांगितलेत. फ्लास्कमध्ये फेलँड्रीन दोन हायड्रोजन गमावून ॲरोमॅटिक होते आणि धातू +3 वरून +2 वर येतो, हेही मला तेव्हाच नीट उमगले. (सायमीन ओव्याच्या तेलातही असते, हे ऐकून माझ्या आईला भलतेच कौतुक वाटले.)

खरे ऋण मात्र एनएमआरचे (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या प्रोटॉनचे संकेत आलेखावर टिपणाऱ्या तंत्राचे) आहे. मुक्त सायमीनच्या वलयातील प्रोटॉन आलेखाच्या पट्टीवर 7.1 पीपीएमच्या आसपास दिसतात. डायमरमध्ये तेच 5.3 ते 5.5 च्या दरम्यान दोन डब्लेट (जोडशिखरे) म्हणून येतात. सॅलिसिलाल्डिमीनचा लिगंड (नायट्रोजन व ऑक्सिजनने धातूला धरणारा रेणू) जोडल्यावर माझ्या आलेखात दोनाऐवजी चार डब्लेट आले आणि आयसोप्रोपिलचे दोन मेथिलही वेगवेगळे दिसू लागले, तेव्हा नमुना अशुद्ध असल्याचा शेरा मला मिळाला होता. आपण आलेख खिडकीजवळ नेऊन चारही डब्लेटची क्षेत्रफळे सारखी असल्याचे दाखवलेत. वरचे वलय आणि खालचे नायट्रोजन, ऑक्सिजन व क्लोराइड हे तीन पाय अशा पियानो स्टूलसारख्या रचनेत रुथेनियम स्वतःच कायरल (आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारा) होतो, म्हणून वलयाचे चारही प्रोटॉन एकमेकांपासून वेगळे पडतात, हे आपले स्पष्टीकरण मी पुढे प्रबंधातही मांडले.

वलय सहा इलेक्ट्रॉन देऊन घट्ट बसते आणि अभिक्रिया बहुधा क्लोराइडच्या जागी होते, हे सूत्र आता हाताशी आहे. फॉस्फीन डायमरचे पूल तोडते, पाणी क्लोराइडची जागा घेते, आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ नोयोरी यांच्या उत्प्रेरकात त्याच जागी आलेला हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन), शेजारच्या अमाइनच्या प्रोटॉनबरोबर, कीटोनला मिळतो.

सध्या वितळलेल्या हेक्सामेथिलबेंझीनमध्ये डायमर तापवून सायमीन बदलून घेण्याचे काम चालू आहे. आलेख मिळाला की घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी