गव्हावरची ज्वारी चालत नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांची सिलिॲक तपासणी आणि त्यांच्या भाकरीची सोय

महोदय,

गिरणीवर दळण ठेवताना सोलापूरची बाई बजावून सांगते, "ज्वारीवर गहू टाकू नका, चपात्या तुटतात." गव्हावर ज्वारी टाकायला मात्र कुणाची हरकत नसते. टाइप १ मधुमेहासोबत सिलिॲक, म्हणजे गहू न चालणारा आतड्याचा आजार, असलेल्या मुलाचा घोळ नेमका या दुसऱ्या दळणात होतो. पण गिरणीचा विषय निघण्याआधी आजार सापडायला हवा. तो सापडत नाही, म्हणून आधी तपासणीबद्दल लिहितो.

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे सिलिॲकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. टाइप १ मधुमेहात तीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. दोन्ही आजारांची जनुकीय मुळे बरीचशी सारखी आहेत, म्हणून टाइप १ असलेल्या शंभर मुलांत साधारण सहा जणांना सिलिॲकही निघतो. "हा पंजाबकडचा आजार, आपण ज्वारी खाणारी माणसं" असे डॉक्टरांकडूनही अजून ऐकू येते. उत्तरेत तो जास्त आहे, हे खरे. पण आपल्याकडेही आता रेशनचा गहू, डब्यात चपाती, चहासोबत खारी आणि टोस्ट हेच रोजचे खाणे आहे.

या मुलांत जुलाब, फुगलेले पोट अशी पुस्तकी लक्षणे बहुधा नसतात. उंची वाढत नाही, लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही रक्त वाढत नाही आणि साखर कारण नसताना खाली जाते. आतड्यातल्या केसाळ उंचवट्यांची झीज झाल्यामुळे खाल्लेले वेळेवर रक्तात उतरत नाही, पण इंजेक्शन मात्र पूर्ण जेवणाच्या हिशेबाने दिलेले असते. जेवून तासाभरात साखर ६०पर्यंत खाली येते आणि घरात भांडण सुरू होते की याने जेवण टाकून दिले किंवा इंजेक्शन चुकीचे टोचले. पोरगा दोन्ही बाबतीत निर्दोष असतो.

मुलांच्या मधुमेहावरचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन स्पष्ट आहे. मधुमेहाचे निदान झाले की एकदा, मग दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी, मूल ठणठणीत दिसत असले तरी, रक्तात टीटीजी-आयजीए ही सिलिॲक दाखवणारी अँटिबॉडी तपासावी. पहिल्या वेळी एकूण आयजीएही (या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी) मोजावे, कारण काही मुलांत आयजीएच कमी असते आणि मग टीटीजी-आयजीए खोटे निगेटिव्ह येते. अशा वेळी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची तपासणी करावी लागते. मधुमेह नवा असताना टीटीजी किंचित वाढलेले दिसले तर घाई करू नये. गहू चालू ठेवून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, कधी कधी ते आपोआप उतरते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "जरा गहू बंद करून बघा" हा सल्ला. गहू थांबला की अँटिबॉडी उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि नंतर केलेल्या बायोप्सीतून, म्हणजे आतड्याचे तुकडे काढून केलेल्या तपासणीतून, काही कळत नाही. मग निदानासाठी त्याच मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. म्हणून तपासण्या पूर्ण होईपर्यंत चपाती चालू ठेवायची, हे आपल्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत लेखी पोचले पाहिजे. बायोप्सी ठरलीच तर मधुमेही मुलाची एंडोस्कोपी सकाळी पहिल्या नंबरला घ्यावी, लांब पल्ल्याचे इन्सुलिन बंद करू नये आणि साखर दर तासाला पाहावी. तुकडे पुरेसे घ्यावेत, ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) सुरुवातीच्या फुगीर भागातून किमान एक आणि पुढून किमान चार. एकाच तुकड्यावर काढलेला "नॉर्मल" रिपोर्ट फसवतो, कारण झीज ठिगळाठिगळाने असते.

सरकारी रुग्णालयात ही तपासणी का होत नाही, याचे उत्तर पैशापेक्षा एलायझाच्या, म्हणजे अँटिबॉडी मोजण्याच्या पद्धतीच्या, प्लेटमध्ये आहे. एका प्लेटला ९६ खळगे असतात. त्यातले काही तुलनेसाठीच्या नमुन्यांना (मानके आणि कंट्रोल) जातात, आणि एका मुलासाठी किट उघडले की तेवढेच खळगे पुन्हा खर्च होतात. म्हणून प्रयोगशाळा "बाहेरून करून घ्या" म्हणते. उपाय सोपा आहे. पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यातली ग्रामीण रुग्णालये यांनी रक्त घेऊन सीरम (गोठलेल्या रक्तावरचे पाणी) वेगळे करावे, दोन-तीन दिवसांत पाठवायचे असेल तर फ्रिजमध्ये आणि त्याहून उशीर होणार असेल तर उणे २० अंशांवर ठेवावे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने महिन्यातून एक दिवस ठरवून सगळ्यांची प्लेट एकदम लावावी. लागते फक्त एक मिलिलिटरभर सीरम. महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि ग्रामीण रुग्णालये आपल्याकडे, एवढ्यावरून हे अडू नये.

आता गिरणी. चक्कीच्या तोंडात, दगडांच्या फटीत आणि खालच्या कापडी पिशवीत आधीचे पीठ राहतेच. समजा मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम कणीक राहिली आणि त्यावर पाच किलो ज्वारी दळली. कणकेत साधारण ९ टक्के ग्लुटेन धरले तर ज्वारीच्या पिठात किलोमागे जवळपास ९०० मिलिग्रॅम ग्लुटेन उतरते. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकायला आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅमची. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ५० मिलिग्रॅमहून थोडे जास्तच ग्लुटेन पोटात जाते, आणि रोज एवढे गेले तरी आतडे भरून येत नाही, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. आई शपथेवर सांगते की पोराला गव्हाचा कणही दिला नाही आणि वर्षभराने टीटीजी जिथल्या तिथे असते. ती खोटे बोलत नसते.

उपवासाची भगर दळायची म्हटली की हेच गिरणीवाले चक्की झाडून देतात, कारण एकादशी मोडण्याची भीती खरी वाटते. तेवढीच काळजी इथे हवी, पण रोज. झाडूनही धूळ उरते, आणि "पहिले दोन किलो बाजूला काढा" हा उपायही अर्धामुर्धाच आहे. म्हणून आमची मागणी अशी की प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका बचत गटाला फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ दळणारी चक्की द्यावी. तिथे गहू उंबरठ्याच्या आत येऊ नये आणि पिठाचा नमुना ठरावीक काळाने तपासला जावा. ज्वारी आधी निवडून घ्यावी, आडतीवरच्या पोत्यात गव्हाचे दाणे सापडतातच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्र सोलापुरात आहे आणि कडक भाकरी इथून गावोगाव जाते. ही भाकरी खात्रीने ग्लुटेनमुक्त निघाली तर फायदा फक्त या मुलांचाच होईल असे नाही.

घरातही काठवट, चाळणी, तवा आणि पिठाचा डबा वेगळा लागतो. चाळणी धुऊन भागत नाही, जाळीत कणीक अडकते. पदार्थांच्या बाबतीत लोक कुठे फसतात, ते आपल्या खात्याच्या पत्रकात यावे. खपली हा गहूच आहे, ‘शुगरवाल्यांचा गहू’ म्हणून तो या मुलांच्या ताटात येतो. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. कुरडई, शेवया, हुग्गी, शेंगा पोळीचे आवरण आणि प्रसादाचा शिरा सगळे गव्हाचे. धपाट्यात आणि थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो की नाही, ते घरोघरी वेगळे. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो आणि ‘नाचणी बिस्किटा’त बहुतेकदा मैदा. ज्वारीचा हुरडा, शेंगा चटणी, भात आणि तसला हिंग नसलेली डाळ, भाजी बिनधास्त खावी.

इन्सुलिनचा हिशेबही बदलतो. ३० ग्रॅम कणकेच्या चपातीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके, तर ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅम. म्हणजे दोन चपात्यांना एक भाकरी. कडक भाकरीतले पाणी उडालेले असते, म्हणून तिचे वजन करून डोस काढला तर चुकतो. पीठ किती घेतले ते धरावे. आतडे भरून आले की खाल्लेले पूर्ण शोषले जाते आणि इन्सुलिन वाढवावे लागू शकते. पालकांना वाटते, पथ्याने मधुमेह बिघडला. दुकानातले महागडे ग्लुटेन-फ्री ब्रेड बरेचदा तांदूळ आणि टॅपिओकाच्या स्टार्चचे असतात आणि साखर झटकन चढवतात. भाकरी त्यांच्यापेक्षा कधीही सरस.

दोन गोष्टी आपल्या एका पत्राने होऊ शकतात. पहिली रेशनची. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये तांदूळ आणि गव्हासोबत भरड धान्यही आहे. सिलिॲकचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाच्या वाट्याचा गहू कापून त्याच्याऐवजी ज्वारी, ती नसेल तेव्हा तांदूळ द्यावा, असे आपण अन्न व नागरी पुरवठा खात्याला लिहावे. दुसरी शाळेची. मधुमेही मुलाची साखर उतरली की शिक्षक मायेने बिस्किटाचा पुडा फोडतात. सिलिॲक असलेल्या मुलाला ते चालत नाही आणि इतरांनाही त्याने साखर सावकाश चढते. वर्गाच्या कपाटात ग्लुकोजचा डबा असावा. मोठ्या मुलाला चहाचे तीन सपाट चमचे, साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून द्यावे, लहानाला वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर पाहावी. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

पहिली प्लेट कोणत्या तारखेला लागणार, तेवढे कळवावे. जिल्ह्यातल्या मुलांची यादी करून नमुने त्या तारखेला पोचवण्याचे काम आम्ही अंगावर घेतो.

आपले विश्वासू,
टाइप १ मधुमेही मुलांसाठी काम करणारे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका,
सोलापूर